संक्रांतीच्या नख्या

जालना
१० फेब्रुवारी २०२५

ती. आई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना, की बाटली नुसती उशाशी ठेवता? फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

नखीच्या पेटंटसाठी वकील मिळाला एकदाचा. जालन्यातल्या पहिल्या वकिलांनी विचारलं, समोरची पार्टी कोण? अर्ज करायचाय, भांडायचं नाही, हे त्यांना पटेचना. शेवटी संभाजीनगरला रूपल नावाच्या वकीलबाई भेटल्या. बियाण्याच्या प्लॉटमध्ये कपाशीच्या कळ्या नखानं सोलून बायकांचे अंगठे फाटतात, तुमचाही कसा फाटायचा, म्हणून अंगठ्यात घालायची ही पत्र्याची नखी केली, असं सगळं सांगितलं. त्यांनी ती घालून पाहिली. फार आवडली.

मग विचारलं, "ही आधी कुणाला दिली होती का?"

मी सांगितलं, सासूबाईंनी, म्हणजे तुम्ही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावभर वाण म्हणून दिली. त्यांनी पेन खाली ठेवलं. अर्जाआधी वस्तू चारचौघांत गेली, की पेटंट अवघड होतं म्हणे.

आई, मनाला लावून घेऊ नका. माझ्या हातची गोष्ट इतक्या कौतुकानं आजवर कुणी मिरवली नव्हती.

एक वाट त्यांनी सुचवली. सासूबाईंनी माझ्या परवानगीवाचून नख्या वाटल्या, असं मी शपथेवर लिहून द्यायचं; मालकाला न विचारता वस्तू बाहेर गेली असेल, तर लगेच अर्ज केल्यास चालतो म्हणे. ते माझ्याच्यानं होणार नाही. पेटंट राहिलं तर राहिलं.

तुमची,
सुमेधा


भोकरदन
१७ फेब्रुवारी

चि. सौ. सुमेधास अनेक आशीर्वाद.

तेल लावते. चौकशा पुरे.

पत्र वाचून राग आला. थोडा तुझा, जास्त माझा. सहा महिने त्या नखीमागं झिजलीस आणि आता राहिलं तर राहिलं म्हणतेस? खरं ते लिहायला कशाला भ्यायचं? मी कुठं तुला विचारलं होतं? फळीवर नख्यांचा डबा दिसला, उचलला. सुनेनं केलेलं ते घरचंच, असं आम्ही धरून चालतो. माझ्या सासूनं माझ्या हातच्या गोधड्या अशाच लेकींना देऊन टाकल्या. मी कोपऱ्यात रडले, पण तोंड उघडलं नाही. तू उघड.

शेजारच्या उषाबाईला सांगितलं, तर ती म्हणते, सून सासूचं नाव सरकारी कागदावर घालून राह्यली का? मी म्हटलं, "घालू दे. नखी तिनं केली, मंग तिलाच विचारायला पाह्यजे होतं."

आज तहसीलजवळ बसून माझंही शपथपत्र करून घेतलं. सोबत पाठवते. टायपिंगवाल्यानं विचारलं, वस्तू कुणाच्या मालकीची? बद्रीनाथचं नाव सांगू का, असं क्षणभर मनात आलं. लेकाचं नाव सांगायची जिभेला सवय. पण सांगितलं, माझ्या सुनेची. आपल्या घरात कुण्या सासूनं असं लिहून दिलेलं नाही, पोरी. सही केली आणि बरं वाटलं.

आता जल्दी अर्ज कर.

तुला न विचारता देणारी, आणि इथून पुढं विचारणारी,
तुझी आई
चांगुणाबाई