एक काना राहिला

रविवार, २ मार्च

दहाच्या ठोक्याला ह्यांचा फोन वाजला. हे जाऊन सतरा दिवस झाले, पण फोनला त्याचं काय!

ह्यांचा तो वाचणाऱ्यांचा ग्रुप. ह्यांना सोडून चौदा जण, सगळे राक्षस आणि अंतराळयानांच्या मागे वेडे. एकमेकांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. दर रविवारी त्यांचा कप्तान विचारतो, ‘पान किती?’ मग प्रत्येकानं पुस्तक, पान आणि एक ओळ लिहायची. कुणी ‘निळ्या वाळूचा ग्रह’, पान ८० — यान बंद पडलंय. कुणी ‘चेटकिणीची वकील’, पान ३०६ — बाईनं रडवलं.

शेवटी कप्तान — ‘लिफ्टवाले, तुम्ही? तीन रविवार गप्प!’

लिफ्ट दुरुस्त करायचे म्हणून लिफ्टवाले. दवाखान्याचं ग्रुपवर काही बोलले नव्हते वाटतं. उशाशी ‘राखेचे नकाशे’, भाग चौथा. खूण दोनशे बारावर.

मी लिहिलं — ‘पान २१२. वाचतोय.’

का लिहिलं, देव जाणे. पण चौदा घरांत हे अजून खुर्चीत वाचत बसलेत.

बुधवार, ५ मार्च

पान पुढे सरकवायचं तर वाचायला हवं. चौथ्या भागापासून सुरुवात करणारी मी पहिलीच असेन! कोण कुणाचा मुलगा, कोण कुणावर उलटलंय — डोक्याचा पार भुगा.

‘पन्नाशी उलटली, अजून राक्षस?’ म्हणून मी किती चिडवायची. हे नुसते हसायचे. फार वाईट वाटतं आता.

रविवार, ९ मार्च

पान २४०. लिहिलं — ‘ड्रॅगन म्हातारी झालीये, उडताना तिला धाप लागते.’

कप्तान — ‘हल्ली हळवे झालात हो, लिफ्टवाले!’

मंगळवार, ११ मार्च

वन्सं आल्या होत्या. ह्यांचा फोन माझ्या हातात बघितला. मग म्हणाल्या, ‘वहिनी, सांगून टाक त्या लोकांना. आणि बंद कर तो नंबर. हे बरं नाही.’

मी फाडकन बोलले, ‘माझं मी बघेन.’ डोळे पुसत गेल्या बिचाऱ्या. त्यांचाही भाऊच गेलाय.

त्यांचं बरोबर आहे. पण मी सांगितलं की हे पुन्हा जातील. आणि ह्या वेळी माझ्या हातून.

रविवार, १६ मार्च

घोळ झाला!

ड्रॅगन मेली. आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर वाचत होते. गिऱ्हाईक कोट मागतंय आणि मी हुंदके देतेय! तशीच लिहून बसले — ‘पान ३१८. वाचतेय, पण पुढे जाववत नाही.’

पाठवल्यावर दिसलं. वाचतेय! एक काना राहिला. मिनिटभरात पुसलं, पण तोवर दोघांनी पाहिलं होतं. त्यातला एक कप्तान.

सोमवार, १७ मार्च

ग्रुपवर चिडीचूप. कप्तानाचा मला वेगळा निरोप आलाय. ह्यांना, म्हणजे. उघडायचा धीर नाही. दिवसभर कामात लक्ष नव्हतं, एका शर्टाची कॉलर जाळली.

मंगळवार, १८ मार्च

उघडला.

‘काकू, काका गेले ना? घाबरू नका. मीसुद्धा कप्तान नाही. कप्तान माझे बाबा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रविवारी मीच विचारते. काकांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कुणाला बोलले नाहीत.’

मलासुद्धा नाही!

खाली आणखी होतं. ‘दवाखान्यातून त्यांनी मला लिहिलं होतं — पोरी, आता बास, बाबांना जाऊ दे. मला जमलं नाही. एकटीनं नाही जमत. काकू, रविवारी दोघी मिळून सांगूया?’

पुन्हा एकदा वाचलं. मग ‘हो’ लिहिलं.