किनाऱ्यावर थांबलेली माणसं

८ जाने. ९१, मंगळ., शारजा
सातवीला ज्वालामुखी शिकवला. व्हेसुव्हियस. राख पडायला लागताच निघाले त्यांतले पुष्कळ वाचले. घर धरून बसलेले गेले. शेजारच्या गावातले किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या दगडी कमानींत सुटकेची वाट बघत थांबले. सांगाडे तिथेच, एकमेकांना चिकटलेले. मागच्या बाकावरून, "मिस, व्हाय वेट? जस्ट गो ना." वर्ग हसला. मला जमलं नाही. पंधरा तारखेला इराकला दिलेली कुवेत सोडायची मुदत संपते, मग युद्ध, घरोघरी तेच बोलणं.

११, शुक्र.
बाबांनी तिकिटं आणली, चौदाची, मुंबई. माझं आणि आईचं. त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. मॅनेजर म्हणाला, "नंतर, इन्शाल्ला."
आई : "मग आम्हीपण नंतर."
बाबा : "त्याचं नंतर वेगळं, तुझं वेगळं."


१२, शनि.
खिडक्यांना चिकटपट्ट्या. विषारी गॅस आला तर बसायला आतली खोली. बाबा स्टुलावर, आई खालून, "आम्ही गेल्यावर खाणार काय? पोळी तरी लाटता येते?"
"रोल्ला बाजारात खुबूस मिळतो."
"महिनाभर ती अरबी रोटी?"
"अख्खा देश खातो, बाई."
तिघंही हसलो. मग आई एकदम आत गेली.
वर्गात सांगायचं राहिलं. मासिकात होतं, कमानींत बायका-मुलं जास्त, पुरुष बरेच बाहेर वाळूवर. कोण कुणासाठी थांबलं, ते हाडांवरून कळत नाही. सातवीला मी "निघायला हवं होतं" असं फळ्यावर लिहून आले. बरोबर होतं का?

१३, रवि., संध्या.
लहानपणी उम्म अल कुवैन गावात राहायचो तेव्हा जवळ शाळा नव्हती, मला चौथीपर्यंत बाबांनीच शिकवलं. त्यांचा नियम : आधी दिसलं ते लिही, मग वाटलं ते.
दिसलं : दोन बॅगा दाराशी, कुलपं बाबांनी लावली. "सकाळी आठला टॅक्सी. यल्ला, आवरा." आई नुसती हो म्हणाली, वाद नाही. पाणी प्यायला आत गेले तर ओट्यावर पातेलं, वर ताटली. मटकी भिजत घातलीय. तिघांना पुरेल एवढी. मोड यायलाच परवा उजाडेल.
बाबा बाहेर बातम्या ऐकतायत. त्यांना माहीत नाही. कळलं तर आईला आत्ताच समजावतील, नाही तर रागावतील, पण टॅक्सीत नेऊन बसवतील. आणि ती बसली नाही तर मी एकटी...
वाटलं : सांगायला हवं.
ताटली होती तशी परत झाकली.