रीसलिंग आणि रॉकेलचा वास

रविवार, संध्याकाळ

आत्ताच इंदिरानगरहून परतले. राग अजून गेलेला नाही, आणि चवही.

माझ्या साठीनिमित्त निखिलने, म्हणजे माझ्या लेकाने, हॉटेलात जुनी जर्मन रीसलिंग वाइन मागवली. महागडी, अजिबात गोड नसलेली. आणि माझ्यासाठी? मोसंबीचा रस! म्हणे, "आई, ड्राय वाइन तुला झेपायची नाही."

मी सरळ त्याचाच ग्लास ओढला. आधी लिंबाच्या सालीचा वास आला, मग हिरव्या सफरचंदाचा, आणि मागून चक्क रॉकेलचा. तसं बोललेही.

निखिल ओशाळला. "हळू बोल ना! बाटली खराब असेल, परत करू."

"स्टोव्ह मागवू का, आई?" सूनबाई हसली.

परत का म्हणून करायची? बेळगावला सकाळी आई स्टोव्हला पंप मारायची, तेव्हा घरभर हाच वास. मी कॉन्व्हेंटचा गणवेश घालून चहाची वाट बघत असे. त्या वासाला मी खराब म्हणू? मी आणखी एक घोट घेतला. स्वच्छ, धारदार आंबटपणा. गिळल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळणारा. सूनबाईने फोनवर शोधलं. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतोच म्हणे. मला कुठे कुणाची खात्री हवी होती?

उरलेली वाइन कुणाला ओतू, असं वेटरने निखिलला कन्नडमध्ये विचारलं.

"इल्ली," इथे, मीही बेळगावच्या कन्नडमध्ये म्हटलं आणि ग्लास पुढे केला.