गार इंजिनाची साक्ष

शिरोळ,
बुद्धपौर्णिमेनंतरचा मंगळवार

प्रिय प्रसेनजीत,

सप्रेम जय भीम. फोनवर तू ‘बरं हाय की आबा’ एवढे बोलतोस आणि आईकडे द्यायला सांगतोस, म्हणून आज लिहायला बसलो आहे. होसपेटच्या खाणीतले ऊन आपल्याकडच्याहून कडक असेल. डोक्याला ओले फडके बांधत जा. आईचे गुडघे दुखतात, तरी पौर्णिमेची खीर तिने स्वतःच्या हातांनी केली. विहारात वंदनेला माणसे बरीच होती. सम्यक वाचेवर मी दोन शब्द बोलणार होतो, पण उभा राहिलो आणि बोलवेना. त्रिशरण म्हणून खाली बसलो. लोकांना वाटले, वय झाले.

कृष्णात गेल्याचे आईने तुला फाल्गुनातच कळवले होते. तू नुसता ‘हं’ म्हणालास, असे ती सांगते. तो कसा गेला, हे मात्र तुला कोणी सांगितले नसावे. कुरुंदवाडच्या अलीकडे नदीकाठचा गाळ काढण्याचे काम विजयसिंह मालकांकडे आहे. तू सोडून गेलास त्याच पोकलेनवर तुझ्या जागी तो बसत असे. भर दुपारी, यंत्र अगदी काठाशी असताना, इंजिन एकाएकी बंद पडले आणि पट्ट्यांखालची माती खचू लागली. वरून मजूर ओरडत होते, ‘उडी टाक की रं, मर्दा!’ तो किल्ली फिरवत राहिला. यंत्र कुशीवर कलंडले. इंजिन पाण्याबाहेर राहिले, चालकाची केबिन पाण्यात गेली.

त्याने उडी का टाकली नाही, याचा मी फार विचार केला. तुझ्या वेळी काय होत असे ते आठव. इंजिन तुझ्या हाताखाली बंद पडे. कोल्हापूरहून मिस्त्री येईपर्यंत ते गार होई आणि पहिल्या किल्लीला सुरू होई. मिस्त्री डिझेलची जाळी बदली, बॅटरीच्या तारा आवळी, यंत्राच्या स्मृतीत काही दोष नोंदलेला असला तर तो पुसून टाकी आणि निघून जाई. मग सगळे तुझ्याकडे बघून हसत. त्यांत कृष्णातचाच आवाज मोठा: ‘पश्याला झोप आली की मशीनला बी झोप येतीय!’ मालकांनी कामचुकार म्हणून तुला चारचौघांत खाली उतरवले, त्या दिवशी किल्लीसाठी हात पुढे केला तोही त्यानेच. मी ते विसरलेलो नाही; तू विसरावेस असेही म्हणत नाही. पण इंजिन बंद पडले असे सांगणाऱ्याचे इथे काय होते, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते. मला वाटते, त्या दुपारी त्याला नदीपेक्षा त्या हसण्याचे भय अधिक वाटले.

यंत्र क्रेनने वर काढून दुरुस्त केले, तेव्हा ते पुन्हा पहिल्या किल्लीला सुरू झाले. मालक म्हणाले, ‘बघा, काय बी झालं न्हाई. काठावर डुलकी लागली त्याला.’ वरून ओरडणारे मजूर मालकांच्याच रोजावरचे; त्यांनीही माना डोलावल्या. विम्याच्या लोकांना मात्र खात्री हवी होती, म्हणून त्यांनी अनुजा नावाची एक इंजिनिअर मुलगी पाठवली. कृष्णातच्या बायकोने, शिवानीने, मला सोबत नेले होते. त्या मुलीने इंजिन गार असताना एकेक सेन्सर तपासला, सगळे निर्दोष. दुसरा कोणी असता तर तिथूनच परतला असता. तिने विचारले, ‘बंद पडतं ते कधी? सकाळी की दुपारी?’ मग तिने नव्या चालकाला सपाट रानात भर उन्हात खोदायला लावले आणि स्वतः बाभळीखाली बसून राहिली. कलत्या दुपारी इंजिन धाप लागल्यासारखे थांबले. किल्ली फिरवली की इंजिन फिरे, पण पडद्यावर फेऱ्यांचा आकडा शून्य. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा तो बोटाएवढा सेन्सर तापला की आतली तार सुटते, निवला की पुन्हा जुळते, असे तिने सांगितले. त्या सेन्सरवर तिने पाण्याची बाटली ओतली, थोडे थांबली, आणि इंजिन धडधडू लागले. कारण असेल तोवर कार्य, कारण निवले की कार्यही मावळते: प्रतीत्यसमुत्पाद मी जन्मभर समजावून सांगत आलो. त्या रानात तो डोळ्यांनी पाहिला आणि मला त्याचा काहीही आनंद झाला नाही.

प्रसेनजीत, तू खरे बोलत होतास. घरात आम्हाला ते ठाऊकच होते. आता गावालाही कळले आहे. पण मालकांनी लगेच पवित्रा बदलला: ‘पडल्यावर बिघडला आसंल सेन्सर. आधी यंत्र चांगलंच हुतं.’ अनुजा म्हणाली, दोष खरा, पण जुन्या नोंदी पुसलेल्या आहेत; तो अपघाताआधीचा की नंतरचा, हे यंत्र आता सांगू शकत नाही. मग तिने विचारले, ‘ह्यांच्या आधी कोण चालवत होतं?’ तुझे नाव शिवानीने घेतले.

आणखी एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी कृष्णात आपल्या दारात आला होता. ‘पश्याचा नंबर द्या की आबा, जरा इच्यारायचं हुतं,’ म्हणाला. मी दिला. त्याने फोन केला की नाही, आणि केला असेल तर तू काय उत्तर दिलेस, हे मी विचारत नाही.

ज्येष्ठातल्या पहिल्या सोमवारी कोल्हापुरात भरपाईची चौकशी आहे. कृष्णात स्वतःच्या झोपेने मेला, असे कागदावर उतरले तर शिवानीला भरपाई मिळणार नाही, आणि ‘काठावर झोपलेल्याचं पोर’ हे नाव तिच्या लेकराला जन्मभर चिकटेल. ती काल येऊन उंबऱ्याबाहेर बसली, चहा घेतला, आणि तुझ्याबद्दल एक शब्दही न काढता गेली. तिला तो अधिकार वाटत नाही. मलाही वाटत नाही. ज्याच्या हसण्याने तू घर सोडलेस त्याच्यासाठी तू बोलावेस, हे मागणे किती जड आहे ते लिहिताना हाताला कळते आहे. तू आला नाहीस, तर मी रागावणार नाही. फक्त इतके सांगून ठेवतो, की ते इंजिन आधीपासून बंद पडत होते हे स्वतः अनुभवलेली माणसे दोनच होती, आणि त्यांतला आता तू एकटा उरला आहेस.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
आबा