भिंतीआधी कडी

प्रति,
मा. महाव्यवस्थापक साहेब,
मधुवेल फ्रेश पॅकहाउस,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक.

विषय: महिला स्वच्छतागृहाच्या कामाची पद्धत ठरेपर्यंत करावयाच्या सोयीबाबत.

संदर्भ: १) प्रकल्प विभागाचा मंजूर नकाशा.
२) 'यापुढे सर्व कामे अजाइल पद्धतीने' हे आपले परिपत्रक.
३) माझे तोंडी निवेदन, जे आपण जिन्यात उभ्या उभ्या ऐकून घेतले होते.

महोदय,

मी खाली सही करणारा पुंजा सहादू निरगुडे, प्रतवारी विभागाचा सुपरवायझर. सध्या माझ्याकडे कांदा निवडणाऱ्या चाळीसेक बायका आहेत. जानेवारीत द्राक्षे सुरू झाली की त्या तिपटीने वाढतात. मला अर्ज लिहायची सवय नाही. चार शब्द नीट बोलायला शिकलो ते कीर्तनाला बसून, त्यामुळे मजकुरात कुठे पाल्हाळ झाले तर तो दोष माझा समजावा. त्यापायी बायकांची मागणी मागे ठेवू नये, ही हात जोडून विनंती.

१. शेडच्या मागे बायकांसाठी जुने स्वच्छतागृह होते. पत्रा गळका होता, पण नळ होता आणि आडोसा होता. प्रकल्प अभियंता श्री. रविराज बोरस्ते साहेबांनी खटपट करून त्या जागी सहा खोल्यांचे नवे मंजूर करून घेतले, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. साहेबांची रीत जुनी व शिस्तीची आहे. आधी पूर्ण नकाशा, मग सगळ्यांच्या सह्या, मग एकेक टप्पा. एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिला टप्पा जुने पाडण्याचा होता. तो आषाढातच पुरा झाला. इतके वेळेवर पुरे झालेले काम मी इथे आजवर पाहिलेले नाही. दुसरा टप्पा सुरू होणार तोच संदर्भ क्र. २ चे परिपत्रक आले आणि काम श्री. समर्थ सरांकडे गेले.

२. समर्थ सर पुण्याहून आलेले, वयाने लहान, पण मनाने फार चांगले. पावसात त्यांनी मला दोनदा गाडीवरून घरी सोडले आहे. त्यांनी आम्हाला उभे करून समजावले की अजाइलमध्ये सगळे पुरे व्हायची वाट बघायची नसते. दर पंधरा दिवसांचा एक स्प्रिंट. त्यात एक छोटा भाग करून द्यायचा, वापरणाऱ्यांना विचारायचे आणि पुढचे त्याप्रमाणे बदलायचे. हे ऐकून मला खरोखर आनंद झाला. चांगले कीर्तनकार बुवा हेच करतात. समोर शेतकरी बसलेत की नोकरदार, ते बघून दृष्टांत बदलतात. मात्र निरूपणाला घेतलेला अभंग बुवा मधेच सोडत नाहीत. तेवढे मी सरांना सांगितले. त्यांना ते आवडले. त्यांनी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून बोर्डाला चिकटवले. पुढे त्या चिठ्ठीचे काय झाले, कल्पना नाही.

३. पहिल्या स्प्रिंटमध्ये दार बसले, कारण दारे गोदामात तयार होती. मोकळ्या जागेत चौकट, चौकटीत दार, दाराला कडी आणि वर 'महिला' अशी पाटी. मग पद्धतीप्रमाणे बायकांना गोल उभे करून अभिप्राय विचारला. बायका एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. शेवटी आमच्यातल्या सर्वांत जुन्या कामगार सुमनबाई पुढे झाल्या. "सर, कडी लय भारी हाय. पण भिंत नाय. कडी लावून मी अडवू कोणाला?" सगळ्या हसल्या, सरही हसले, आणि नोंद झाली की वापरणाऱ्यांचा सहभाग उत्तम. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये बेसिन व आरसा बसला. पाण्याची लाइन नव्हती. खोटे कशाला बोलू, आरशाचा उपयोग झाला. जाता-येता बायका तिथे कुंकू नीट करतात.

४. तिसऱ्या स्प्रिंटला भिंती होत्या. गवंडी आला, विटांचे चार थरही चढले. स्प्रिंट संपायच्या दिवशी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे पूजेला मांडतात आणि मांडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत, हे आपणास ठाऊकच आहे. बायकांनी वजनकाटा मांडला, विळे मांडले. बोर्डही कामाचेच हत्यार, म्हणून त्याला झेंडूची माळ घातली, चिठ्ठ्यांना हळदकुंकू लावले. बोरस्ते साहेबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या नकाशाची गुंडाळीही शेजारी ठेवली. संध्याकाळी भिंतींची चिठ्ठी 'करायचे'मधून 'चालू'मध्ये सरकवायची होती. पूजेतली चिठ्ठी सरकवणार कोण? चिठ्ठी हलली नाही म्हणून कॉम्प्युटरवर भिंतींचे काम शून्य लागले आणि गवंड्याला शीतगृहाच्या कामावर पाठवले. इकडे समईचे तेल सांडून नकाशावरच्या सह्या पुसल्या. बोरस्ते साहेब म्हणतात, सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. सुमनबाई म्हणतात, देवीने दोन्ही साहेबांना एकदमच सुट्टी दिली. देवीवर माझा राग नाही. आमच्या बायकांनी मनापासून पूजा केली होती.

५. त्यानंतर आपण दोन्ही पद्धती एकत्र वापराव्यात असा आदेश काढला. आदेश चांगला आहे. पण बोरस्ते साहेब नकाशा पक्का झाल्याशिवाय गवंडी देत नाहीत, आणि समर्थ सर म्हणतात की नकाशा अभिप्रायातून घडत जाईल. दोघेही मला आदराने चहा पाजतात. बोरस्ते साहेबांनी मागणी अंदाजपत्रकासह तीन प्रतींत द्यायला सांगितले. समर्थ सरांनी चिठ्ठी लावायला सांगितले. मी लिहिले, 'बायकांना जायला जागा नाही.' अजाइलमध्ये मागणीला स्टोरी म्हणतात. सर म्हणाले, "पुंजाभाऊ, ही स्टोरी होत नाही. अमुक म्हणून मला अमुक हवे, जेणेकरून अमुक होईल, असे लिहा." मी लिहायला बसलो. 'महिला कामगार म्हणून मला आडोसा हवा, जेणेकरून' इथपर्यंत लिहिले. पुढे काय लिहावे ते मला आजपर्यंत सुचलेले नाही.

६. सध्या बायका महामार्ग ओलांडून समोरच्या पेट्रोलपंपावर जातात. गेल्या मंगळवारी रस्ता ओलांडताना सुमनबाई, गुडघा दुखतो म्हणून, मागे राहिल्या आणि कांद्याच्या टेम्पोने अगदी अंगाजवळ ब्रेक मारला. ड्रायव्हर नको ते बोलला. त्या परत येऊन कांदा निवडायला बसल्या. तेव्हापासून बायकांनी पाणी पिणेच सोडले आहे. पूर्वी शेडमधला माठ मी दुपारी पुन्हा भरायचो. आता सकाळी भरलेला माठ संध्याकाळी तसाच असतो. मी वर्षातून एक एकादशी निर्जळी करतो, ती देवाच्या नावाने; रात्री कीर्तन असते, तहान जाणवत नाही. या बायका रोज निर्जळी करतात, ती कोणाच्या नावाने? सुमनबाईंना आता लघवीला जळजळ होऊन ताप येतो. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितले. मी सोबत होतो. त्या डॉक्टरांकडे बघून नुसत्या हसल्या.

७. कोणती पद्धत बरोबर, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. दोन्ही साहेब प्रामाणिक आहेत, कोणावरही कारवाई होऊ नये. माझी मागणी एवढीच आहे की, आपल्या केबिनशेजारी अधिकाऱ्यांसाठी जे स्वच्छतागृह आहे, त्याची किल्ली पद्धत ठरेपर्यंत सुमनबाईंकडे द्यावी. बायका पाळीपाळीने ते धुऊन ठेवतील. याला नकाशा लागणार नाही, स्प्रिंट लागणार नाही. किल्ली आपल्या खिळ्यावरून काढून आमच्या माठाशेजारच्या खिळ्याला लावायची आहे.

निर्णय मला लेखी कळवण्याची तसदी घेऊ नये. मी रोजच्याप्रमाणे सकाळी माठ भरीन. दुपारी तो रिकामा दिसला, की मला उत्तर मिळाले.

आपला नम्र सेवक
व शेडमधल्या बायकांचा पुंजाभाऊ,

(सही)
पुंजा सहादू निरगुडे
सुपरवायझर, प्रतवारी विभाग

दि. २५ नोव्हेंबर २०२५

सोबत: १) सुमनबाईंच्या औषधाच्या चिठ्ठीची झेरॉक्स (त्यांना विचारून).
२) 'जेणेकरून'पर्यंत लिहिलेली पिवळी चिठ्ठी.