हौसेने द्याल ते

वारजे, पुणे
१२ मार्च २००२

प्रिय श्याम,

हे पत्र घरी न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी येणारा स्थळाचा सगळा पत्रव्यवहार तुमचे मामाच पाहतात असं त्यांनी सांगितलं होतं. मी राजनंदिनी, तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही वारज्याला जिला पाहायला आला होतात ती. तुमचा होकार आला, आमच्याकडे पेढे वाटून झाले, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही होच आहे. पण मामांच्या एका शब्दावर मी अडले आहे. तो सुटल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

त्या दिवशी खुर्च्या चारच होत्या, त्या मोठ्यांना गेल्या आणि तुमच्या वाट्याला स्टूल आलं. ते मी केलेलं आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर ज्या लाकडी खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्यांचं ते, आणि बसायच्या फळीवर खोक्याचंच काचेच्या पेल्याचं काळं चित्र. आत फुटणारं सामान आहे, जपून उचला, एवढाच त्याचा अर्थ, हे मी आईला शंभरदा सांगितलं. आई म्हणाली, "अर्थ तुला माहीत गं. पाहुणे म्हणतील, बाप पितो." म्हणून तिने वर भरतकामाचा रुमाल अंथरला. छंद विचारला तर काय सांगायचं तेही पाठ करून घेतलं होतं: वाचन आणि भरतकाम. रुमाल खरं तर शेजारच्या मथुराबाईंनी भरलेला. मामांनी छंद विचारला, आणि माझ्या तोंडून सुतारकाम निघून गेलं. मामा म्हणाले, "उत्तम. म्हणजे पोळपाट घरचाच." आईने डोळे मिटून घेतले. तुम्ही मात्र उठलात, स्टूल उलटं केलंत, सांध्यावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "यात खिळा नाही?" रुमाल घसरला, पेला सगळ्यांना दिसला, मामांनी घसा खाकरला. तुम्ही सहज म्हणालात, "मामा, नाजूक सामानाचा शिक्का आहे तो. आमच्या ऑफिसात रोज येतो." हे वाक्य आई अजून शेजारीपाजारी ऐकवते. त्या दुपारी माझा पगार विचारला, रास विचारली, पुरणपोळी येते का विचारलं. मला मनापासून उत्तर द्यावंसं वाटलं असा प्रश्न मात्र तुमचा तेवढा एकच होता.

तेव्हा मी नुसतीच मान हलवली. आता सांगते. खिळा नाही. एका लाकडाला चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात ठोकून बसेल अशी जीभ. टिंबर मार्केटमधल्या दशरथ मिस्त्रींनी मला हे शिकवलं. आधी त्यांना वाटलं मी कुणाच्या तरी लाकडाची पावती घ्यायला आले आहे. रंधा जुन्या बाजारात मिळाला. दिवसभर मी एका परदेशी बँकेच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. दुरुस्त केलेलं कुठे जातं, कोण वापरतं, काही दिसत नाही. स्टुलावर मात्र आई बसते आणि मेथी निवडते, ते मला दिसतं. पहिलं मोठं काम काढलं ते पुस्तकांचं कपाट. गॅलरीतच ठोकलं. सगळी मापं घेतली, गॅलरीच्या दाराचं तेवढं राहिलं. ते अजून गॅलरीतच आहे आणि त्यात कांदे राहतात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. नोकरी लागली तेव्हा कारखान्यातून आलेल्या बाबांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "आता याले घट्टे नाही पडणार." दीड वर्षात पडले. ते बाबांना दिसले. तिसऱ्या दिवशी गॅलरीत आले, माझी पटाशी उचलली, धार पाहिली आणि "हे काय, लोणी कापतं का?" म्हणून स्वतः लावून दिली. तेव्हापासून धारेचं काम त्यांचं.

आता तो शब्द. निघताना, चपला घालता घालता, मामा बाबांना म्हणाले, "आमची मागणी काही नाही. मुलीच्या हौसेने द्याल ते द्या." तुमचा होकार आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी रजा काढली आणि डबल बेड, आरशाचं कपाट, सोफा असं सगळं पाहून आले. येत्या रविवारी विसार द्यायचा म्हणतात, आणि तो माझ्या भावाच्या, शंभूच्या डिप्लोमासाठी ठेवलेल्या पैशांतून. मी विरोध केला तर म्हणाले, "काय मांगतलं त्याहीनं, माय? काहीच नाही. हौसेनं द्या म्हणले. आपल्याले हौस नाही का?" कॉलेजात सगळ्यांबरोबर हात पुढे करून मी हुंडा न देण्याची शपथ घेतली होती. हुंड्याला नाही म्हणता येतं हो, हौसेला कसं म्हणायचं? बाबा खरोखर आनंदात आहेत, सोफ्याच्या कापडाचा तुकडा खिशात घेऊन हिंडतात. आणि शंभू शहाण्यासारखा म्हणतो, मी पुढच्या वर्षी बघीन. मला वाटायचं, कुणी सांगितलं नाही, कुणी वाट पाहत नाही, तरीही हात आपोआप ज्याकडे जातात ती हौस. चपला घालता घालता दुसऱ्याला करायला सांगतात ती नव्हे.

म्हणून हे पत्र. मामांचं ते वाक्य तुमचंही आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. तुमचं नसेल तर तसं तुम्ही स्वतः बाबांना सांगा. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. पलंग आपण दोघं करू. दशरथ मिस्त्रींनी सागाच्या चार जुन्या फळ्या माझ्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. शनिवारी सकाळी दहा वाजता मी टिंबर मार्केटच्या तोंडाशी उभी असेन. जुना शर्ट घालून या, कारण लांब फळी कापताना दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं, आणि लांबीचं मापही तुमच्या उंचीवरून घ्यायचं आहे. तिथून तसेच वारज्याला जाऊ. आला नाहीत तर तेच उत्तर समजेन. राग धरणार नाही, बाबांना काय ते मीच सांगेन, आणि त्या फळ्यांची एक सिंगल कॉट करीन.

'तुमचीच' लिहायला अजून चार दिवस अवकाश आहे, म्हणून नुसतीच,
राजनंदिनी