कंबर दुखते म्हणून सांगितलं

आई, आज मी दवाखान्यात जाऊन खोटं बोलून आले आणि त्याचा राग मला तुझ्यावर येतोय. तू म्हणशील, ‘खोटं तू बोलनी, मंग मना काय दोष?’ ऐक आधी. बाळाला तीन महिने झाले. गेले काही दिवस जरा वेळ उभी राहिले की खाली काहीतरी जड उतरल्यासारखं होतं, शिंक आली की कपडे बदलावे लागतात, आणि परवा आंघोळ करताना हाताला जे लागलं ते काय आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. धीर करून आज गेले. बाळाला मांडीवर घेऊन दीड तास बाकावर बसले. डॉक्टरीणबाई गुजराती, माझ्याच वयाच्या, बोलायला शांत. दूध पुरतं का, झोप होते का, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, “बेन, बीजी कोई तकलीफ?” म्हणजे, दुसरा काही त्रास? मी तोंड उघडलं आणि तुझंच वाक्य बाहेर पडलं. “ना, बस, कमर दुखे छे.” मलमाची एक ट्यूब घेऊन घरी आले.

सुरतेत, उधन्याच्या आपल्या गल्लीत एकही बाळंतीण तुझ्या तावडीतून सुटली नव्हती. सगळी घरं खानदेशातून आलेली, पुरुष लूमवर, सासवा-आया गावाकडे. मग कुणाकडे बाळ झालं की तू हजर. तेल तू चोळायचीस, शेक तू द्यायचीस आणि पोट तू बांधायचीस. ज्या गावात साड्यांचे ढीगच्या ढीग, तिथे पोट बांधायला सुती फडकं मिळत नाही, सगळं पॉलिस्टर, म्हणून आजीच्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी तू जपून ठेवली होतीस. ती धुऊन, उन्हात वाळवून एकीकडून दुसरीकडे फिरायची. आणि तुझा तोरा काय! समोरच्या काकू बाळंत झाल्यावर बाराव्या दिवशी नळावर हंडा भरायला आल्या, तर तू भर गल्लीत त्यांच्या हातातला हंडा काढून घेतलास. “आंग कच्चं शे तुनं आजून! हंडा उचला ना, ते आंग बाहेर ई जाई. मंग रडशी जलमभर.” काकू रडकुंडीला आल्या. मी दारात उभी राहून तुझ्याकडे अभिमानाने बघतेय. आपल्या आईला सगळं ठाऊक आहे, असं मला वाटतंय.

ठाऊक होतंच ना तुला! इथेच तर माझं डोकं फिरतं. अडाणी असतीस तर मी गप्प बसले असते. भाऊ झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुझी आई गेलेली, गावाहून कुणी येणार नव्हतं. त्याच आठवड्यात दोन घरं सोडून एक नवी सून बाळंत झाली. तू तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्वतःच्या पोटावरची पट्टी सोडलीस, घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलीस. “तिले दी ये. तिनं पहिलं शे.” मी उड्या मारत गेले. त्या सुनेने मला मेथीचा लाडू दिला, तो मी रस्त्यातच खाल्ला, अर्धासुद्धा तुझ्यासाठी आणला नाही. आणि दहा-अकरा दिवस झाले नाहीत तोच मार्केटमधून धागा कटिंगच्या साड्यांचं पोटलं आलं, हे एवढं गाठोडं. तू ते डोक्यावर घेऊन जिना चढलीस. वर येऊन भिंतीला टेकलीस, तोंड पांढरंफटक, आणि मला म्हणालीस, पाणी दे. मग बाळाला पाजत पाजत साड्यांचे धागे कापायला बसलीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! समोरच्या काकू तेव्हा तुझ्या हातातलं पोटलं हिसकवायला का आल्या नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. आल्याही असतील. तू त्यांनाच दोन शब्द सुनावून परत पाठवलं असशील.

पट्टी काही महिन्यांनी परत आली. मग ती गल्लीत कधी गेली नाही. तू रोज सकाळी मोरीचा पडदा ओढून ती बांधायचीस आणि फार वेळ लावायचीस. मी चौदा वर्षांची असताना एकदा पडदा सरकवून आत आले. पट्टी कमरेला नव्हती, लंगोटासारखी खालून वर घेतलेली होती. “हे काय गं?” म्हटलं, तर तू अशी खेकसलीस, “कंबर दुखस मनी! तू आभ्यास कर.” तेव्हापासून घरात सगळ्यांना माहीत, आईची कंबर दुखते. बाबा बारडोलीच्या कुणा वैद्याकडून तेल आणायचे. मी ते तेल तुझ्या कमरेला चोळायचे आणि तू “हा, आठेच, आठेच” म्हणायचीस. काय म्हणावं तुला! नसलेल्या दुखण्यावर इतकी वर्षं माझ्याकडून तेल चोळून घेतलंस.

खरं कळलं ते तुझ्या शेवटच्या चार दिवसांत. हृदयासाठी भरती केलं होतं. कपडे बदलणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “यांचं अंग किती वर्षांपासून बाहेर येतंय?” मी तुझ्याकडे वळून पाहिलं, तर तू डोळे मिटून घेतलेस. झोपली नव्हतीस. नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर दाखवलं असतं तर व्यायाम असतात, आत बसवायची रिंग असते, नाहीतर ऑपरेशन होतं. अठ्ठावीस वर्षांची असल्यापासून तू ते पट्टीवर धकवलंस. मला तेव्हा तुझा हात धरायचा होता आणि मी बाहेर जाऊन ढसाढसा रडत तुला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी तू गेलीस. त्या गोष्टीवर आपलं एक अक्षर बोलणं झालं नाही.

आता माझं ऐक, म्हणजे तुलाही जरा राग येऊ दे. मला कुणी पोटलं उचलायला लावलं नव्हतं. सासूबाई कामरेजहून येऊन सव्वा महिना राहिल्या, लाडू केले, मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. शेजारच्या बेन डबा भरून काटलं घेऊन आल्या, गरम मसाल्याची त्यांची वडी, आणि समोर बसून खायला लावलं. तरी अठराव्या दिवशी, सासूबाई देवळात गेल्या तशी मी बाळाच्या कपड्यांची भरलेली बादली उचलून गच्चीवर नेली. का? कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. घरात सगळे राबताहेत आणि आपण पडून आहोत, याची लाज वाटली. दोन मजले चढले आणि वर जाऊन भिंतीला टेकले. खाण तशी माती. खाली आले तर सासूबाई देवळातून परत आलेल्या. इतकं बोलल्या, अगदी तुझ्यासारखं, की मला तुझी आठवण येऊन रडू आलं आणि त्यांना वाटलं, आपण जास्त बोललो.

तू मला पुष्कळ शिकवलंस आई. धागा कापताना कापड कापू नये, बाळाचं डोकं कसं धरावं, बाळंतिणीला कोणत्या हाताने उठवावं. पण डॉक्टरसमोर बसून ‘मला इथे होतंय’ एवढं म्हणायला तू शिकवलं नाहीस, कारण ते तुलाच येत नव्हतं. आणि माझं हे बाळही मुलगीच आहे. काल ती रडताना मी तिला म्हणत होते, “काय होतंय सोन्या, सांग ना, सांग ना.” माझं मलाच हसू आलं.

मी गुरुवारी परत जाणार आहे. नवऱ्याला सांगितलंय की सुट्टी घे, पण कशासाठी ते सांगितलं नाही. हे लिहिलेलं मात्र बाळाच्या लशीच्या फाइलमध्ये घडी घालून ठेवते, दुसरीकडे कुठे ठेवणार. आणि एक राहिलं. तुझ्या स्टीलच्या डब्यातली ती पट्टी माझ्याकडेच आहे. परवापासून मी ती बांधतेय, तू बांधायचीस तशीच. गुरुवारी जाताना ती सोडायची नाही, असं ठरवलंय. तपासायला आडवी झाले की बाईंना ती दिसेल, आणि मग मला काही सांगावं लागणार नाही.